गौरीला घर दाखवताना

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर घरी येते. भिवंडीच्या गावांत अजूनही मुली पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं घेऊन येतात. दारात गौरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तिला आणणारीच्या पायांवर पाणी घालतात. मग तिला घर दाखवतात. कुंकवाची पावलं उमटवत तिला खोल्याखोल्यांतून फिरवायचं. ही कोठी, ही चूल, हा गोठा, हे कपाट. प्रत्येक जागी थांबून विचारायचं, इथे काय आहे? आणि घरातल्या बाईनं उत्तर द्यायचं: धान्य आहे, दूधदुभतं आहे, लेकरंबाळं आहेत.

या फेरीकडे आपलं फारसं लक्ष नसतं. फुलं, आरास, पाहुण्यांचे फोन, गॅसवर ठेवलेलं पातेलं यांत ती उरकून जाते. आज ती सावकाश करू या. ज्या घरात तुमचा सण होतो त्या घरात असाल तर उठून खरोखर चाला. दूर असाल तर डोळ्यांसमोर ते घर आणा. प्रत्येक थांब्यावर एक श्वास पूर्ण आत घ्या, पूर्ण सोडा, आणि मगच पुढच्या खोलीत जा.

आईनं ताट वाढलं म्हणून आपल्याकडे कुणी तिचे आभार मानत नाही, मानले तर तीच कावरीबावरी होईल. पण वर्षातून एकदा, लेकीच्या पावलांनी आलेल्या देवीसमोर, घरात जे आहे ते मोठ्यानं सांगायची रीत आपल्या आज्यांनी घालून दिली. मला ती फार खोल वाटते. 'आहे' हे उत्तर तोंडून निघालं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणामुळे आहे? या फेरीत आपण एवढंच विचारत जाणार आहोत.

उंबरठ्यापाशी उभे राहा.

या उंबरठ्यावरून आज कोणकोण आत आलं ते आठवा. कुणी वसई-दिवा मार्गावरच्या गाडीनं भिवंडी रोडला उतरलं असेल. कुणी कशेळी किंवा माणकोलीच्या वाहनांच्या रांगेत ट्रकांच्या मागे बसून आलं असेल, कडेवर झोपलेलं मूल घेऊन. थकलेली माणसं आहेत ही. पुष्कळ घरांत गौरीला पहिल्या रात्री भाजी-भाकरीचाच नैवेद्य दाखवतात. वाट चालून आलेल्या बाईला आधी साधं, पोटाला सोसेल असं जेवण द्यायचं आणि पक्वान्नं उद्यावर ठेवायची. देवीच्या थकव्याचा विचार करणारी ही माया मनात थोडी मुरू द्या.

आता उंबरठ्याच्या आतल्या बायकांकडे पाहा. त्यांतली जवळजवळ प्रत्येक जण कधीतरी दुसऱ्या घरातून इथे आलेली आहे. माप ओलांडून आली तेव्हा तिला इथलं कुणीच नीट ठाऊक नव्हतं. आज सणाची सगळी विद्या तिच्या हातात आहे. कुठलं भांडं कुठल्या दिवशी निघतं, गौरीचा मुखवटा कुठल्या कापडात गुंडाळून ठेवायचा, हे तिलाच माहीत. ज्याला आपण 'आमच्या घराण्याची परंपरा' म्हणतो ती पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आलेल्या मुलींनी शिकून घेतली आणि पुढच्या बाहेरून आलेल्या मुलीला शिकवली. त्यांतल्या एकीचा चेहरा समोर आणा. ती आली तेव्हा किती वर्षांची होती? कुणी तिला शिकवलं, आणि कशा शब्दांत?

कोठीकडे चला.

कोठी आता बहुतेक घरांत नाही. तिच्या जागी प्लास्टिकचा पिंप असेल, दुकानातून आणलेली तांदळाची गोण असेल. गोणीत हात घाला. मूठभर तांदूळ तळहातावर घ्या आणि बोटानं दाणे वेगळे करा. एकच दाणा ठेवा.

भिवंडी, वाडा, शहापूर हा सगळा भाताचा मुलूख. शेजारच्या वाड्याच्या कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची चव इथल्या जिभेला आधीपासून ओळखीची. उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायचा. मृगाच्या सुमाराला त्यात पेरायचं. रोपं हातभर झाली की चिखलात वाकून आवणी करायची, दिवसभर पावसात, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद. गौर येते तेव्हा हळवं भात निसवायला लागलेलं असतं, गरवं अजून पोटरीत असतं. म्हणजे सणाच्या दिवशी नवं धान्य घरात नाही. ते शेतात उभं आहे, आणि एका मोठ्या वादळी पावसानं आडवं होऊ शकतं. ज्यांनी ही फेरी घालून दिली त्यांनी 'धान्य आहे' असं म्हटलं ते या अशा दिवसांत, गेल्या वर्षीचं तळाला आलेलं असताना. भरल्या कोठीपुढे ते म्हणणं सोपं असतं. त्यांचं म्हणणं अधिक धीराचं होतं.

आणि आता अवघड भाग. भिवंडीच्या पुष्कळ घरांना आज विचारलं, तुमचं शेत कुठे आहे, तर बोट एखाद्या गोदामाकडे जातं. दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही नावं आता देशभरच्या मालाच्या चिठ्ठ्यांवर छापली जातात. जिथे खाचरं होती तिथे पत्र्याचे उंच गाळे आहेत. त्या जमिनीच्या पैशातून, भाड्यातून घरं पक्की झाली, मुलं इंजिनिअर झाली, आजारपणं निभावली. त्याच जमिनीबरोबर आवणीची गाणी गेली, बैल गेले, आणि घराचं तांदळाशी असलेलं स्वतःचं नातं गेलं. दोन्ही खरं आहे. यातलं एक पुढे करून दुसरं झाकू नका. ज्या शेतानं तीन-चार पिढ्या जेवू घातल्या आणि शेवटी स्वतःला विकून एक पिढी शिकवली, त्या शेताचं नाव आठवतं का? शेतांना नावं असायची. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आज ते विचारा. नाव कळलं की एकदा मोठ्यानं उच्चारा.

तो दाणा गोणीत परत टाका.

पाण्याजवळ फार थांबायला नको, पण नळ सोडून धार एकदा पाहा. मुंबईचं बरंचसं पाणी या तालुक्यातून जातं. भातसा नदीवरच्या पिसे इथून ते उचललं जातं आणि पांजरापूरला शुद्ध होतं. तानसाचं पाणी मुंबईला 1892 पासून मिळतं आहे. मुंबईत बसून हे वाचणाऱ्यानं पेला तोंडाला लावण्याआधी ही गावं मनात आणावीत. आणि धरणांच्या शेजारी शहापूरच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडे घेऊन बसणाऱ्या बायकांनाही. पाण्याचे आभार मानताना त्यांना वगळलं तर ते आभार अर्धे राहतात.

गोठा गेला. तिथे मोटारसायकल उभी असेल. तरी त्या जागी क्षणभर थांबा. घरातल्या कुणाला तरी इथल्या गाईचं नाव आठवत असेल.

आता चूल.

इथे बसा. खाली बसता येत असेल तर खालीच. ज्येष्ठा नक्षत्रावर, पूजनाच्या दिवशी, हे घर पहाटेपासून जागं असतं. आगरी, कोळी, कायस्थ अशा कितीतरी घरांत या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. मटण, कोंबडी, चिंबोऱ्या, वडे, तांदळाच्या भाकऱ्या. गणपती शाकाहारी, म्हणून काही घरांत नैवेद्य दाखवताना त्याच्यापुढे पडदा धरतात. हा पडदा मला अतिशय सुंदर वाटतो. लेक माहेरी आली आहे, तिला आवडतं ते तिला मिळालं पाहिजे. आणि त्याच मखरात बसलेल्या लेकाला अवघडल्यासारखंही होऊ नये. एका छपराखाली दोन जिभांचा मान ठेवायचा तर काय करावं, याचं उत्तर घरानं एका धोतराच्या किंवा साडीच्या आडोशानं दिलं. तुमच्या घरात असे कुठले आडोसे आहेत? कुणाच्या आवडीसाठी कुणी न बोलता वेगळं पातेलं चढवतं? मधुमेह झालेल्या काकांची बिनसाखरेची वाटी, तिखट न खाणाऱ्या नातवाचं बाजूला काढलेलं वरण. ती वाटी कोण आठवणीनं काढतं?

आता त्या हातांकडे पाहा. नुसतं 'बायका' असं म्हणून पुढे जाऊ नका. वाटण कुणी वाटलं, चिंबोऱ्या कुणी साफ केल्या आणि कुणाच्या बोटाला नांगी लागली, भाकऱ्या थापायला कोण बसलं आणि धुरानं कुणाचे डोळे लाल झाले. एकेक नाव घ्या.

इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. सणाच्या दिवशी ज्या घरात रांधणाऱ्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात, चार वाजता, गार झालेलं आणि तळाला उरलेलं जेवतात, त्या घरानं देवीपुढे कितीही सुंदर आरास केली तरी काहीतरी राहून गेलेलं असतं. गौर माहेरवाशीण म्हणून येते. माहेरवाशिणीला पाटावर बसवून वाढतात. मग तिच्याच नावानं चाललेल्या जेवणात घरच्या लेकीसुनांनी उभ्यानं घास का घ्यावा? हे मनन करणारा पुरुष असेल तर त्यानं या क्षणी ठरवावं: उद्या पहिली पंगत रांधणाऱ्यांची. वाढप मी करीन. भाकरी गरम असताना तिच्या ताटात पडेल. आभार ताटात पडू शकतात. ते तिथेच पडावेत.

एक श्वास. चुलीची ऊब चेहऱ्यावर जाणवू द्या.

कपाटापाशी या. आज अंगावर जे नवं आहे त्याला हात लावा. साडीचा पदर, सदऱ्याची बाही, परकराचं अस्तर. दोन बोटांत धरून घासा. उभे धागे, आडवे धागे.

हे शहर धाग्यावर उभं आहे. भिवंडीच्या गल्ल्यांतून चालताना मागांचा खटखटाट आधी पायांना कळतो, मग कानांना. इथे विणलं जातं ते बहुतेक कापड कोरं, ग्रे. रंग त्याला पुढे कुठेतरी चढतो, त्यामुळे दुकानात उलगडलेल्या ताग्यावर भिवंडीचं नाव दिसत नाही. तुमच्या अंगावर ते असेल आणि तुम्हाला ठाऊकही नसेल. बीम भरणारा, सायझिंगच्या गरम वाफेत उभा राहणारा, कांडी भरणारी, आणि माग चालवणारा: बारा बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. धागा तुटला तर माग थांबतो, माग थांबला तर मजुरी थांबते. म्हणून त्याची नजर धाग्यावरून हलत नाही.

डोळे मिटा आणि त्या आवाजात थोडा वेळ बसा. इतका आवाज, की शेजारी उभ्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं.

यांतले कितीतरी जण उत्तर प्रदेश, बिहारकडचे. त्यांच्या पिढ्या इथे मागावर गेल्या. ते जेवतात बिशीत, म्हणजे महिन्याच्या हिशोबावर चालणाऱ्या खाणावळीत, आणि सणाला आपलं घर त्यांच्यापासून दीड दिवसाच्या रेल्वे प्रवासावर असतं. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला मजुरांची विशेष गाडी सुटली. माग बंद, बिशी बंद, हातात पिशवी. त्या दिवसांत शहर जितकं शांत झालं तितकं ते कुणाच्या आठवणीत नव्हतं, आणि ती शांतता चांगली नव्हती. पद्मनगरात तेलंगणातून आलेल्या विणकरांची घरं आहेत. दसऱ्याच्या आधी तिथल्या बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा मांडतात, तिच्याभोवती फेर धरतात, मग तिला पाण्यात सोडतात. आपण गौर सोडतो तशीच. त्यांचं माहेर फार दूर आहे, म्हणून कदाचित ते फुलांनी इतकं उंच रचत असतील.

पदर सोडू नका अजून. ज्याच्या हातून हे कापड गेलं त्याचं नाव तुम्हाला कधीच कळणार नाही. चेहरा न दिसणाऱ्या माणसाचे आभार मानायला मन सहज तयार होत नाही, घसरतं. घसरलं तर पुन्हा धाग्यावर आणा. दोन-तीनदा आणावं लागेल.

ओसरीवर सगळे बसले आहेत. भावकी. मूळ घराचा गणपती एक, आणि त्याच्या निमित्तानं पांगलेली चुली-चुलींची माणसं एकत्र. इथे फेरी थोडी जड होते. याच ओसरीवर असा एखादा भाऊ असेल ज्याच्याशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणं तुटलं आहे. गोदामांचा पैसा आला आणि कितीतरी घरांत सातबाऱ्यावरच्या नावांनी माणसांतली नावं पुसली. तो आरतीला येतो, टाळ वाजवतो, प्रसाद घेतो आणि न बोलता जातो. किंवा येतच नाही.

त्याच्याबद्दल जबरदस्तीनं गोड वाटून घेऊ नका. ज्यानं दुखावलं त्याच्याबद्दल कृतज्ञ व्हा असं मी कुणालाही सांगणार नाही. दुखावलेल्या माणसावर सणाचं हे ओझं घालणं मला अन्यायाचं वाटतं. एवढंच पाहा: तो टाळ वाजवतो आहे. तीच लय, जी तुम्ही दोघं लहानपणी एकाच माणसाकडून शिकलात. ते शिकवणं दोघांचंही आहे, वाटणीत ते कुणाच्या एकट्याच्या हिश्श्याला गेलेलं नाही. त्या शिकवणाऱ्याकडे मन नेता आलं तर न्या. नाही नेता आलं तर पुढच्या थांब्याकडे चला, काही बिघडत नाही.

खिडकी उघडा.

बाहेर गल्ली आहे. मंडळाचा मांडव, रिक्षा, पलीकडे मशिदीचा मिनार. मुलं रात्री अकरा वाजताही बाहेर खेळताहेत आणि कुणी त्यांना घाबरून आत ओढत नाही. हे इथे नेहमीच असं नव्हतं. मे 1970 आणि मे 1984, या दोन दंगलींनी या शहराची माणसं मारली, घरं आणि माग जाळले. ज्या घरांनी ते पाहिलं त्या घरांत अजून काही आठवणी सणाच्या दिवशी सांगत नाहीत.

नंतरच्या वर्षांत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली वस्तीतली साधी माणसं आणि त्या भागाचा पोलीस, नियमानं एकत्र बसायची. चहा, गटाराची तक्रार, कुणाच्या तरी भिंतीचं भांडण, मिरवणुकीचा रस्ता. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, आणि जिच्याबद्दल सगळ्यांना सर्वांत जास्त धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली.

मला या फेरीतला हा थांबा सर्वांत मोलाचा वाटतो. जे घडलं त्याची तारीख राहते, ते लोक सांगतात. जे घडलं नाही त्याची आठवण ठेवायला कुणी नसतं. जी आग लागली नाही, ज्या दारावर कुणी थाप मारली नाही, ज्या रात्री एखादा दुकानदार आणि एखादा मागवाला नाक्यावर उभे राहून तरुण पोरांना घरी पिटाळत होते, त्या रात्रीमुळे आज तुमच्या ओसरीवर एवढी माणसं जिवंत बसली आहेत. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या तेव्हा मुंबईत आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. कुणीतरी आपल्या सणाचा दिवस आपल्यासाठी सरकवला. आपण त्यांच्यासाठी काय सरकवलं, हे खिडकीत उभं राहून शांतपणे स्वतःला विचारा. उत्तर सापडेपर्यंत थांबा. सापडलं नाही तर तेही लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येईल.

खिडकी उघडीच राहू द्या.

भिंतीवर फोटो आहेत. हार जुने झाले असतील. या माणसांना शोधायला फार लांब जायला नको. आईचा हात भाकरी थापताना ज्या पद्धतीनं वळतो ते वळण आजीचं आहे. मिठाची चिमूट घेताना कुणाची तरी तीन बोटं जुळतात ती तशीच कुणाची तरी जुळायची. पंधरवड्यात पितृपक्ष येईल तेव्हा पानं वाढून कावळ्याची वाट पाहू. आज, सगळे जमलेले असताना, एकेका फोटोसमोर त्या माणसाची आवडती भाजी आठवा. फक्त भाजी. माणूस तिच्यामागून येईल.

मूळ नक्षत्रावर गौर निघते. रित्या हातानं नाही. शिदोरी बांधून देतात. लेकींचेही डबे भरले जातात, स्टीलचे, एकावर एक, पिशवीत सांडू नये म्हणून कापडानं आवळलेले.

रायगड-रत्नागिरीकडून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत त्याआधी एक गोष्ट होते. घरात नवी सून असेल आणि त्या वर्षी योग असेल तर तिचा पहिला ओवसा असतो. सुपांत फळं, पानं, सुकामेवा भरायचा, गौरीपुढे ओवसायचा, मग एकेक सूप घरातल्या मोठ्यांच्या हातात द्यायचं. नवऱ्याला, सासूला, सासऱ्यांना, दिरांना. घेणारा तिला आशीर्वाद देतो, काहीतरी हातात ठेवतो. कुणाला सूप द्यायचं हे ठरलेलं असतं, मोठ्या बायका तिला सांगत जातात आणि ती देत जाते.

यंदा तुमच्याकडे ओवसा असेल तर एक सूप जास्त भरा. ते कुणाला द्यायचं हे तिला ठरवू द्या. ती कदाचित तिच्या माहेरच्या कुणाचं नाव घेईल, कदाचित शेजारच्या काकूंचं, कदाचित सकाळपासून भांडी घासणाऱ्या बाईंचं. जे नाव घेईल त्याला आत बोलवा, पाट मांडा, आणि सूप तिच्याच हातानं देऊ द्या.